पॅरिसमधली गावाची पेटी

हेडफोन लावलेत ना? आज आपण पॅरिसला जाणार आहोत, पण आयफेल टॉवर राहू दे. शहराला खेटून माँत्रोय नावाचं उपनगर आहे. आफ्रिकेतल्या माली देशाचे इतके लोक तिथे राहतात की मालीच्या राजधानीवरून त्याला गमतीने छोटं बामाको म्हणतात.

यातले बरेचसे सोनिन्के समाजाचे. त्यांची गावं पश्चिम मालीतल्या 'काय' प्रदेशात. हो, नावच 'काय' आहे! 1960च्या दशकात तिथली तरुण पोरं फ्रान्सला आली. कोणी मोटारीच्या कारखान्यात लागलं, कोणी रस्ते झाडायला. राहायला कामगारांची वसतिगृहं, एका खोलीत कितीतरी जण, जेवण सगळ्यांचं एकत्र. ज्यांचे आजोबा लालबाग-परळला गावच्या खोलीत राहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथेच सुरू झाली गावाची पेटी. प्रत्येक कमावत्या पुरुषाने ठरलेली वर्गणी द्यायची. कुणी आजारी पडलं, नोकरी गेली, तर त्यातून मदत. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कुणी परदेशात मेला, तर त्याला विमानाने गावच्या मातीत पोचवायचं.

फ्रान्समध्ये 1939च्या नियमाप्रमाणे परदेशी लोकांना सरकारी परवानगीशिवाय संघटना काढता येत नव्हती. तो नियम 1981 साली गेला आणि पेट्यांच्या रीतसर नोंदणी झालेल्या संस्था झाल्या. त्याआधी, 1970च्या दशकात मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा पेटीतून गावाला धान्य गेलं. मग मशिदी, विहिरी, दवाखाने, शाळा. माँत्रोयची नगरपालिकाही 1985पासून काय प्रदेशातल्या येलिमाने भागाबरोबर काम करते आहे. दवाखान्याच्या भिंती वर्गणीतून उभ्या राहतात, नर्स मात्र सरकारने नेमायची असते, आणि तिची वाट बघावी लागते. हे दुखणं आपल्याकडेही आहेच.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पेटीबरोबर गावाची उतरंडही पॅरिसला आली.

सोनिन्के समाजात काही घराण्यांचे पूर्वज गुलाम होते. फ्रेंच राजवटीने 1905 साली गुलामी कायद्याने बंद केली, तरी वंशजांवरचा शिक्का पुसला गेला नाही. कारखान्यात दोघं एकाच मशीनवर, पगार सारखा. संध्याकाळी वसतिगृहात आले की पेटीचा प्रमुख मोठ्या घराण्यातला, आणि रांधायचं, बकरा कापायचं काम गुलामांच्या वंशजाकडे. मला वाटतं, ज्याने वर्गणी सारखीच भरली, त्याला हे जास्त टोचत असणार.

साधारण दहा वर्षांपूर्वी फ्रान्समधल्याच काही सोनिन्के लोकांनी 'गानबानाखू' नावाची चळवळ सुरू केली. अर्थ साधा: आपण सगळे समान. हत्यार कोणतं? व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स! लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही आपल्या भाषेत ऐकता येतात. 'आम्हाला गुलाम म्हणायचं नाही' हे वाक्य पॅरिसमधून थेट गावच्या ओसरीवर पोचलं.

गावात ज्यांनी हेच तोंडावर सांगितलं, त्यांना वाळीत टाकलं गेलं. दुकान बंद, पाणी बंद, कसायची जमीन काढून घेतली. कित्येक कुटुंबांना गाव सोडावं लागलं. सप्टेंबर 2020मध्ये काय प्रदेशात चार कार्यकर्त्यांना मारहाण करून ठार केलं.

आता परदेशातून दोन प्रकारचे पैसे जातात. जुन्या पेटीतून गावाला, आणि गावाने हाकललेल्यांना नवीन ठिकाणी घर बांधायला. मी सतत विचार करतोय त्या माणसाचा, ज्याने चाळीस वर्षं पेटीत वर्गणी भरली आणि ज्याचा भाऊ आज गावाबाहेर आहे. पेटी सोडावी, तर उद्या आपलं प्रेत नेणार कोण? आणि नेलंच, तर गावात घेणार कोण?

चला, भेटू पुढच्या भागात.