दुरुस्त होते तेच टिकते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला कोणी शिकलेल्या बाई येतात आणि आपल्याला चार चांगल्या गोष्टी सांगून जातात. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की, आपल्यातीलच एकीने बोलावे, आणि त्यांनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा ज्यातले आपल्याला कळते तेवढेच बोलावे असे मी ठरवले. मला कळते ते धुण्यातले. म्हणून आज मी आमच्या घरच्या जुन्या वॉशिंग मशीनविषयी बोलणार आहे. हसू नका. बोलण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

१९९९ साली लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हा घरात नऊ माणसे होती आणि मशीन आधीपासूनच होते. त्यापूर्वीचे धुणे कसे होते ते मला सासूबाईंनी सांगितले. त्या आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा मी काही जास्त सांगितले तर त्या मला थांबवतीलच. पहाटे नळाला पाणी येई. ते भरून झाले की धुणे भिजवायचे. सासरे साखर कारखान्यात होते, त्यांचे कपडे तेलाचे आणि मळीचे. तिघा मुलांचे शाळेचे गणवेश, आजेसासूबाईंची नऊवारी लुगडी, चादरी. ओले लुगडे एकटीला पिळत नाही. दोन टोके दोघींनी धरून पिळा घालावा लागतो. वाकळा धुवायच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर जायचे. सोड्याने हाताच्या बोटांना भेगा पडत आणि त्याच हातांनी मग तिखट वाटायचे. सकाळचे दोन-अडीच तास नुसते धुण्यात जात. धुणे हे काम असे आहे की, केले तर कोणाला दिसत नाही आणि नाही केले तर सगळ्यांना दिसते.

१९९४ साली सासूबाईंनी भिशीचे पैसे आणि सासऱ्यांचा दिवाळीचा बोनस एकत्र करून मशीन घेतले. त्या सुमारास दूरदर्शनवर औरंगाबादच्या धूत मंडळींच्या व्हिडिओकॉन कंपनीची वॉशिंग मशीनची जाहिरात लागे. ती आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. आमचे मशीन कोणत्या कंपनीचे ते मी सांगत नाही, कारण मला कोणाची जाहिरात करावयाची नाही. दोन टबांचे, पत्र्याच्या अंगाचे. एकात धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. आजेसासूबाई म्हणाल्या होत्या, “यंत्राने धुतलेले सोवळ्याला चालायचे नाही.” महिन्याभरात त्यांचीच लुगडी त्यात पडू लागली.

मशीन आले आणि सासूबाईंना सकाळचा दीड तास मोकळा मिळाला. त्या दीड तासात त्या काय करू लागल्या? त्या आपल्या मंडळात येऊ लागल्या. म्हणून मी म्हणते, आपल्या मंडळाच्या वाढीत पापड-कुरड्यांइतकाच वाटा वॉशिंग मशीनचाही आहे.

आता त्या मशीनची रचना सांगते. धुण्याच्या टबाच्या तळाशी एक चकती असते. खाली मोटार असते आणि मोटारीपासून चकतीपर्यंत एक रबरी पट्टा जातो. पिळण्याच्या टबाला वेगळी मोटार आणि झाकण उघडले की थांबवणारा ब्रेक. वेळ लावण्यासाठी वर टायमर. तो चावीच्या घड्याळासारखा, फिरवला की टिकटिक करीत मागे येतो. मोटार सुरू होण्याला जोर देणारा एक कपॅसिटर. पाणी खाली गळू नये म्हणून रबरी सील. संपले. मागच्या बाजूचे स्क्रू काढले की सगळे डोळ्यांसमोर. मेकॅनिक उघडून बसला की सासूबाई शेजारी पाट टाकून बसत आणि हे काय, ते काय, असे विचारीत. त्यामुळे पट्टा सैल झाला की आवाजावरून त्यांना कळे. मलाही आता कळते. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला कळावे इतके ते मशीन सरळ आहे.

सासूबाईंना हिशेब लिहिण्याची सवय आहे. घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मशीनचा जमाखर्च ठेवला आहे. ते पान मी आज मुद्दाम उतरवून आणले. १९९८, पट्टा, ६५ रुपये. २००२, टायमर, २८० रुपये. २००६, कपॅसिटर आणि पट्टा, २१० रुपये. २०१०, सील, ३५० रुपये. २०१५, पुन्हा टायमर, ५५० रुपये. एकूण १,४५५ रुपये. म्हणजे ते मशीन बिघडले नाही असे नाही. पाच वेळा बिघडले आणि पाचही वेळा दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू झाले. टिकाऊ वस्तू म्हणजे कधीच न बिघडणारी वस्तू, असे आपण समजतो. अशी वस्तू देवाने अजून तरी घडवलेली नाही. बिघडल्यावर जी थोडक्या पैशात, आपल्या गावात, आपल्या देखत नीट करता येते, तीच टिकाऊ.

याची खरी परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. तो पूर तुम्हा सर्वांना माहीत आहे. मी नव्याने काय सांगणार? आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आम्ही हातात येईल ते घेऊन बाहेर पडलो. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ आणि मशीन आडवे पडलेले. आम्ही तर त्याची आशा सोडली होती. पण आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने ते अंगणात काढले, मागचा पत्रा उघडला, पाइपच्या पाण्याने गाळ धुतला आणि आठ दिवस उन्हात ठेवले. दोन्ही मोटारी भरून घेतल्या. आपल्या भागात विहिरीच्या मोटारी भरून देणारी दुकाने पेठेपेठेत आहेत; त्यांना ही मोटार म्हणजे काही मोठे काम नव्हे. नवा टायमर, नवा कपॅसिटर, नवे पट्टे. सगळे मिळून ३,२०० रुपये. गणपती बसले त्याच्या आदल्या दिवशी मशीन सुरू झाले. त्या वेळी नव्या मशीनला पैसे कोणाच्या घरी होते? भांडीकुंडी, गाद्या, मुलांची पुस्तके, सगळेच नव्याने घ्यायचे होते. चिखलाने भरलेले कपडे आळीतल्या चार घरचे त्या मशीनमध्ये धुऊन निघाले.

आमच्याच आळीतील एका भगिनीचे मशीन पाच वर्षांचे होते. आपोआप चालणारे, सुरेख. पुराच्या पाण्याने त्याचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले. दुकानदार म्हणाला, त्या मॉडेलचे कार्ड आता येत नाही. मोटार चांगली, टब चांगला, पण हुकूम देणारे कार्ड नाही, म्हणून अख्खे मशीन भंगारात गेले. त्याचे दोन हप्ते अजून फिटायचे राहिले होते, असे तिने मला सांगितले. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ते चढवताना ती दारात उभी होती. पाणी भरले तेव्हा ती रडली नव्हती; त्या दिवशी रडली.

हे असे का होते, याचा मी विचार केला. पूर्वी मशीन घ्यायचे म्हणजे कित्येक महिन्यांची शिल्लक लागे. एवढी महाग वस्तू कोण टाकून देणार? म्हणून ती दुरुस्त होईल अशीच लोक मागत. आता मिळकतीच्या मानाने मशीन स्वस्त झाले, हप्ते सोपे झाले आणि दुरुस्ती महाग झाली. शिवाय पुष्कळशा नव्या मशीनमध्ये ड्रम ज्या टबात बसतो, तो टब कायमचा जोडून बंद केलेला असतो. आतले बेअरिंग गेले तर नुसते बेअरिंग बदलता येत नाही, सगळा टब बदलावा लागतो. उलट, व्हिडिओकॉन कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, तरी दोन टबांच्या मशीनला लागणारे पट्टे, टायमर आणि कपॅसिटर बाजारात मिळतात, कारण ते एकाच कंपनीपुरते नसतात.

जुन्या मशीनची आठवण काढणाऱ्या आपणच आहोत असे नाही. माझी मुलगी कॉलेजात शिकते. हे भाषण लिहिताना तिने मला अमेरिकेतल्या मेटॅग कंपनीची हकिगत वाचून दाखवली. आयोवा राज्यात न्यूटन नावाचे गाव आहे. तिथे १८९३ साली ही कंपनी निघाली, ती शेतीची अवजारे करण्यासाठी. १९०७ साली तिने धुण्याचे मशीन काढले. शेतावरच्या पुष्कळ घरांत तेव्हा वीज नव्हती, म्हणून पेट्रोलच्या लहान इंजिनावर चालणारी मशीनही तिने केली. धुतलेला कपडा वरच्या दोन रबरी रुळांतून काढायचा, म्हणजे पाणी निथळून पडे. उसाचा चरक असतो ना, तसेच. ही रुळाची मशीन ती कंपनी १९८३ पर्यंत करीत होती. १९६७ पासून तिची एक जाहिरात गाजली. तिच्यातला दुरुस्ती करणारा माणूस नुसता बसून कंटाळलेला असे, कारण त्याला कोणी बोलावीतच नसे! पुढे २००६ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने मेटॅग विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. पण तिथली हौशी माणसे ती जुनी मशीन अजून तेलपाणी करून चालू ठेवतात. देश कुठला, आपण कुठल्या. पण चांगल्या वस्तूचा जिव्हाळा सगळीकडे सारखाच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला जुने ते सगळेच सोने दिसते. त्या रुळांत बायकांची बोटे आणि हात सापडत. आमच्या मशीनपाशी उभे राहावे लागते. कपडे या टबातून त्या टबात आपणच टाकायचे. नवी पुढून उघडणारी मशीन पाणी पुष्कळ कमी घेतात, आणि आपल्या जिल्ह्यात जत-आटपाडीकडच्या बायकांना पाण्याची किंमत विचारा. ज्यांची कंबर धरते, ज्यांना नोकरीवर जायचे आहे, त्यांना आपोआप चालणारे मशीन म्हणजे मोठाच आधार. जुन्या काळीही वाईट मशीन होतीच. ती केव्हाच भंगारात गेली म्हणून आपल्याला आठवत नाहीत. चांगली तेवढी डोळ्यांसमोर राहिली. तेव्हा नवे घेऊ नका असे मी म्हणत नाही. विचारून घ्या, एवढेच म्हणते.

दुकानात गेल्यावर आपण रंग पाहतो, किती किलोचे ते पाहतो, सूट किती ते विचारतो. त्याबरोबर चार प्रश्न विचारा. सुटे भाग किती वर्षे मिळतील? कार्ड गेले तर काय किंमत पडेल? बेअरिंग वेगळे बदलता येते का? आणि दुरुस्त करणारा माणूस सांगलीत आहे का, की पुण्याहून यायचा? युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे की, वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही दहा वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्या सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. दुरुस्ती हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, असे आता सरकारदरबारी म्हटले जाऊ लागले आहे. पण हक्क मागितल्यावाचून कोणी घरी आणून देत नाही.

आणखी एक आपल्या गावापुरते. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये ते हलू नये म्हणून काँक्रीटचे वजन घातलेले असते. त्याचे ओझे साठ-सत्तर किलो होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा माझ्या मुलीने आणि मी आमचे मशीन दोघींनी माडीवर नेले. नदीकाठच्या घरात मशीन घेताना ते उचलणार कोण, याचाही विचार करावा.

घरी आहे ते मशीन जपणे मात्र आपल्याच हाती आहे. खिशातली नाणी, पिना काढून घ्याव्यात. टब ठासून भरू नये. साबणाची पूड मोजून घालावी. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असे नाही. काम झाल्यावर झाकण थोडा वेळ उघडे ठेवावे. मशीन चारी पायांवर सारखे बसले आहे ना, ते पाहावे. आणि वहीचे एक पान त्याच्या नावाने राखावे.

शेवटी मंडळाला माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, शहरातील चांगल्या, सचोटीच्या मेकॅनिकांची यादी करून ती मंडळाच्या फळ्यावर लावावी. दुसरी अशी की, आपल्या मुलींपैकी ज्यांना आवड असेल त्यांना आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करण्यास मंडळाने उत्तेजन द्यावे. आपण भरतकाम-शिवणाचे वर्ग घेतो, ते चांगलेच आहे. पण मशीन चालवायचे बाईने आणि उघडायचे मात्र पुरुषाने, असे किती दिवस चालायचे? दुपारी घरात बायकाच असतात. दुरुस्तीला मुलगी आली तर दार उघडतानाही मनाला बरे वाटेल.

  दोन्ही सूचनांचा पुढच्या सभेत विचार व्हावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते.