चिखल, जीप आणि विंच

गेल्या जून महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने नुकतीच चारही चाकांना जोर असणारी जीप घेतली आहे. चहा होता होता त्याने विचारले, "सर, गाडीला विंच बसवून घेऊ का? तुमच्याकडे आहे म्हणून विचारतो." मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी असा प्रश्न आला, की तिची किंमत काय यापेक्षा तिच्यावाचून आपले काय अडते, हे मी आधी विचारतो. त्या दिवशी त्याला जे सांगितले तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेले, दोर गुंडाळणारे यंत्र. विहिरीवरच्या रहाटाचा हा लांबचा नातेवाईक म्हणा ना! लोखंडी रिळावर पोलादी तार किंवा कृत्रिम धाग्याचा दोर गुंडाळलेला असतो. दोराचे टोक समोरच्या झाडाला अडकवायचे, बटण दाबायचे, की रीळ फिरू लागते आणि गाडी स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढते.

आता आमचा चिखल कसा, तेही सांगायला हवे. वाशीम जिल्ह्यात डोंगरउतारावर मुरूम असला तरी खालच्या वावरांत काळी माती आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि आखाडात तीच जमीन लोण्यासारखी. हा चिखल टायरच्या नक्षीत भरला की टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाकांना जोर असो की चारांना, गाडी जागच्या जागी खड्डा खणत बसते. चारही चाकांना जोर असला तर चार खड्डे होतात, एवढाच फरक!

मी विंच का घेतला, त्याला कारण घडले. माझ्या मामांचे वावर मालेगाव तालुक्यात आहे. डांबरी रस्त्यापासून त्यांच्या घरापर्यंत दीड किलोमीटरची पांदण. सहा वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री मामांच्या छातीत कळ आली. मी जीप घेऊन गेलो, त्यांना मागच्या बाकावर निजवले, आणि अर्ध्या वाटेत गाडी आसापर्यंत रुतली. टोचन लावायला ट्रॅक्टर हवा होता. तो दुसऱ्या गावी गेलेला. शेवटी शेजारच्या चौघांनी मामांना बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेले आणि तिथून दुसऱ्या गाडीने दवाखाना गाठला. मामा वाचले. पण बाजेमागे कंदील धरून चालताना मनाला जे वाटले ते मी विसरलो नाही. पुढच्याच महिन्यात मी विंच बसवला.

यंत्र चांगले आहे यात शंका नाही. माझा ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची ओढ देणारा आहे. माणसे धरून माझी जीप भरते सुमारे २,००० किलो. चाके आसापर्यंत बुडाली की गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चिखल मडगार्डला टेकला की दुप्पट, असा लष्करी गाड्या काढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे हिशेबात विंच पुरतो. पण कंपनीने सांगितलेली ओढ रिळावरच्या सर्वांत आतल्या थराची असते, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. दोराचे थर वाढत गेले, की ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. झाडाला कप्पी अडकवून दोर परत गाडीला आणला तर ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. शिवाय पूर्ण ताणावर हे यंत्र ४०० अँपियरच्या घरात वीज खाते. ऐंशीहून अधिक हेडलाइट एकदम लावण्यासारखेच ते! इंजिन चालू ठेवले नाही, तर गाडी निघण्याआधी बॅटरीच बसते.

पहिल्या पावसाळ्यात एका नाल्याच्या उतारावर गाडी घसरली. पलीकडच्या काठावर जुनी बाभूळ होती. बुंध्याला रुंद पट्टा बांधला, दोर अडकवला, आणि वीस मिनिटांत आम्ही वर आलो. त्या दिवशी मला पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

दुसऱ्या वर्षी त्याच पांदणीत, जवळजवळ त्याच जागी, गाडी पुन्हा रुतली. मी ऐटीत खाली उतरलो, दोर सोडला आणि इकडेतिकडे पाहिले. दोन्हीकडे सोयाबीन. धुऱ्यावरची बाभूळ आदल्या उन्हाळ्यात कुणी तोडून नेलेली. जवळचा कडुनिंब साठ-सत्तर मीटरवर, आणि माझा दोर अठ्ठावीस मीटरचा! शेजारचे म्हातारे कास्तकार डवरा थांबवून पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, वढाचं मशीन तं आनलं. पन बांधता कायले?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जमिनीत सब्बल ठोकून पाहिली. ओल्या काळ्या मातीत ती लोण्यातल्या सुरीसारखी सरकली. मग स्टेपनी आडवी पुरायचे ठरले. तेवढा खड्डा खणायला दोघांना दीड तास लागला. पहिल्या ओढीत स्टेपनीच वर आली, दुसऱ्यांदा खोल पुरली तेव्हा गाडी हलली. त्या वेळी मागच्या बाकावर मामा असते तर?

विंचच्या बाबतीत खरा प्रश्न हा आहे. ओढण्याची ताकद आपल्याला विकत घेता येते. आधार मात्र जागेवर असावा लागतो. गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची, भर पावसातल्या जंगलातली मोटारस्पर्धा सुरू झाली. माझ्या विद्यार्थ्याने तिचीच चित्रे पाहिली होती. अशा स्पर्धेत विंचवाचून चालत नाही. पण तिथे झाडे असतात, सोबत हुशार जोडीदार असतो, आणि रुतणे हाच तिथला खेळ असतो. आमच्या उघड्या शिवारात ही स्थिती नाही.

तेव्हा विंच कोणी घ्यावा? ज्याला एकट्या गाडीने, झाडी असलेल्या किंवा खडकाळ मुलखात, मदत मिळणार नाही अशा ठिकाणी वारंवार जावे लागते, त्याने जरूर घ्यावा. ज्याला वर्षातून दोनदा वावरात जायचे आहे, त्याने चाळीसएक हजारांपासून लाखाच्या पुढे जाणारा हा खर्च करण्याआधी थांबावे. एक जाड टोचनपट्टा, फावडे, दोन फळ्या आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा फोन नंबर यांनी त्याचे बहुतेक काम भागते. विंचसाठी पुढे लोखंडी बंपर बसवणार असाल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. गाडीपुढचे लोखंडी गार्ड बेकायदा आहेत, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे.

आणि घेतलाच, तर वापरायला शिका. ताणलेली तार तुटली की ती माणसाला कापून जाते. म्हणून दोराच्या मध्यावर जड घोंगडी किंवा ओले पोते टाकावे, आजूबाजूला कुणाला उभे राहू देऊ नये, हातमोज्यांवाचून तारेला हात लावू नये, आणि तारेचे शेवटचे पाच वेढे रिळावरून कधीही सोडू नयेत. मुले पाहायला जमतात. त्यांना आधी लांब पाठवावे.

जाता जाता एक गोष्ट. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो आमच्याच जिल्ह्यातून जातो. त्याच्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आणि तिथून थोड्या अंतरावर आजाऱ्याला बाजेवरून न्यावे लागते. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. गावोगावच्या मंडळींनी धुऱ्याचे तंटे मिटवून अशा योजनांचा लाभ घ्यावा. पांदणीवर नीट दाबलेला मुरूम आणि कडेने पाणी काढून देणारी नाली यांची बरोबरी कोणताही विंच करणार नाही. विंच एकाच गाडीला काढतो. मुरूम बंडीलाही नेतो आणि बाळंतिणीलाही.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी विचारले, "मग तुमचा विंच विकता का?" मी म्हटले, "नाही बाबा. मामांचे घर अजून पांदणीच्या पलीकडेच आहे." यंदा मात्र आम्ही चार घरांनी मिळून पांदणीच्या कडेने कडुनिंब लावले आहेत. त्यांचे बुंधे ओढ सोसण्याजोगे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतील. त्याच्या आत मुरूम पडला, तर त्यांच्या सावलीत नुसते बसू.