वरळीचा घुमट



मुंबईत हाजी अलीहून वरळीकडे निघालात,
की एक मोठा घुमट दिसतो.
सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम.
लोकांच्या तोंडी मात्र एनएससीआय डोम.

छप्पर एक, कामं अनेक.

2014 मध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना इथेच रंगला.
यू मुंबा विरुद्ध जयपूर.
मातीत वाढलेला आपला खेळ,
झगमगत्या दिव्यांखाली, मॅटवर,
घरोघरी टीव्हीवर दिसला.
मला विचाराल, तर डोमची खरी ओळख तीच.

एरवी इथे गाण्याचे कार्यक्रम होतात,
प्रदर्शनं भरतात.

मग आलं 2020.
जिथे चढाईपटू दम घुमवत होते,
तिथे करोना रुग्णांसाठी खाटांच्या रांगा लागल्या.

छप्पर तेच. काम वेगळं.

साथ ओसरली, खाटा हलल्या,
आणि डोममध्ये पुन्हा प्रेक्षक आले.