लहान गावाचे मत



निवडणुकीचा निकाल लागला की महानगरात चर्चा होते ती सरकार कोणाचे येणार याची. लहान गावात त्याबरोबरच आणखी एक हिशेब मांडला जातो. कोणत्या आळीने कोणाला साथ दिली, कोणत्या पेठेने पाठ फिरवली आणि किती जण घराबाहेरच पडले नाहीत, याचा तो हिशेब. तो केवळ पारावरच्या अंदाजांवर चालत नाही. प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते ‘नमुना २०’ मध्ये नोंदवली जातात आणि तो तक्ता कोणालाही पाहता येतो. एका केंद्रावर साधारणपणे हजाराच्या आसपास मतदार असतात. महानगरात एवढी माणसे परस्परांना अनोळखी असतात. लहान गावात ती मोजक्या गल्ल्यांत राहतात आणि एकमेकांचे सोयरेधायरेही ओळखून असतात.

थोड्या मतांचे मोल किती असते, हे केरळमधील उत्तर परवूरने दाखवून दिले. एर्नाकुलम जिल्ह्यातील या लहानशा नगराच्या परवूर मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी, ८४ पैकी ५० केंद्रांवर, देशात प्रथमच इलेक्ट्रॉनिक यंत्राने मतदान झाले. कम्युनिस्ट पक्षाचे शिवन पिल्लै यांना ३०,४५० आणि काँग्रेसचे ए. सी. जोस यांना ३०,३२७ मते पडली. अंतर अवघे १२३ मतांचे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या कायद्यात यंत्राला आधार नाही, असे सांगून न्यायालयाने १९८४ मध्ये त्या ५० केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. त्यानंतर जोस विजयी ठरले. पुढे १९८९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन यंत्राला मान्यता मिळाली. ज्या मतदारसंघाचा कौल असा तोलून असतो, तेथे दोन-चार गल्ल्या घरी बसल्या तरी पारडे फिरते.

यंत्राने मोजणी वेगवान केली, बाद मतांचा प्रश्न मिटवला. पण लहान वस्तीपुढे एक अडचणही उभी केली. मतपत्रिकांच्या काळात, जेथे मतदारांना धाकदपटशा होण्याची भीती असे, तेथे मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रातील मते मात्र केंद्रवार मोजली जातात. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाच्या २०१५ च्या २५५ व्या अहवालानेही ती सूचना उचलून धरली; परंतु ती अमलात आलेली नाही. त्यामुळे व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे मत उघड होते. एखाद्या केंद्रावर कोणाला अकराच मते पडली, तर ते अकरा जण कोण, याची चर्चा सुरू होते. ‘तुमच्या आळीने मते दिली नाहीत’ हे वाक्य नळाच्या किंवा रस्त्याच्या मागणीला उत्तर म्हणून आले, तर मतदान कक्षाच्या आडोशाला अर्थ उरत नाही.

मतदानाच्या टक्केवारीची गोष्ट वेगळी आहे. ती उघडच असावी. पण ती वाचताना छेद कोणता, हे पाहावे लागते. मते देणाऱ्यांना यादीतील नावांनी भागून ती निघते. नोकरीसाठी कायमचे दूर गेलेल्यांची नावे गावच्या यादीत तशीच राहिली, तर हजर असलेल्यांनी कितीही उत्साह दाखवला तरी गाव उदासीन ठरते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आणि येथूनही देशभर पांगलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव परका नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार जेथे सर्वसाधारणपणे राहतो, तेथेच त्याचे नाव असावे. गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढे कारण पुरत नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने हक्क जात नाही, मात्र दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. पत्ता बदलल्यास ‘नमुना ८’ भरून नाव हलवावे. त्याने जुन्या गावाचा हिशेब खरा होतो आणि नव्या गावाला एक मतदार मिळतो.

कोणीच उमेदवार पसंत नसेल, तरी घरी बसण्याचे कारण नाही. पूर्वी मत न देण्याची इच्छा नोंदवहीत सही किंवा अंगठा करून नोंदवावी लागे. म्हणजे नकार उघड होई. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात या गुप्ततेचेही रक्षण केले आणि यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला.

कायदा आपल्या परीने मताची राखण करतो. कोणाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावर न्यायालयालाही करता येत नाही. मग ती शेजाऱ्याने, मालकाने किंवा घरातील वडीलधाऱ्याने का करावी? नागरिकशास्त्राचा हा धडा शाळेत शिकवला जातो. त्याची परीक्षा मात्र घरात आणि गल्लीत होते. मतदानाच्या संध्याकाळी बोटावरची शाई पाहून ‘मत दिले का?’ असे अवश्य विचारावे. ‘कोणाला दिले?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जात नाही, त्या घरातील मुलांना मताचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही.