पडलेला मनोरा आणि राहिलेली कार्डे
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाच्या जीर्णोद्धाराच्या सोहळ्यात पोस्टकार्डांवर व्याख्यान कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. पण विषय वाटतो तितका दूरचा नाही. जुनी वास्तू उतरवली आणि नवी उभी राहिली, म्हणजे जुनी कशी होती हे सांगायला मागे काय उरते? जगातल्या काही थोर वास्तूंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या तरी पेटीत पडून राहिलेल्या स्वस्तातल्या कार्डाने दिलेले आहे.

साधे पोस्टकार्ड जन्माला आले ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ ला आले. किंमत पाव आणा. पुढे कार्डाच्या एका अंगाला चित्र छापण्याची टूम निघाली आणि १९०० च्या आगेमागे तिचे वेडच पसरले. प्रवासाला गेलेला माणूस तिथला किल्ला, देऊळ, चर्च, पूल छापलेले कार्ड घरी धाडी आणि घरची मंडळी ते जपून ठेवीत. मुंबईत महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या नामवंत चित्रकाराची चित्रेही अशा कार्डांवर निघाली. अशी कार्डे जमवणाऱ्यांचा देशोदेशी एक पंथच तयार झाला. अमेरिकेतील प्रसिद्ध छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी लहानपणापासून जमवलेली सुमारे ९००० कार्डे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहेत.

खरा संग्राहक चित्र पाहून झाले की कार्ड उलटे करतो. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर लिहायचा तर तो पुढे, चित्राच्या कडेला दाटीवाटीने बसवावा लागे. त्या साली मागच्या बाजूचे दोन भाग झाले, एक मजकुराला आणि एक पत्त्याला. अमेरिकेत हाच बदल १९०७ मध्ये झाला. म्हणजे मधोमध रेघ आहे की नाही, एवढ्यावरून कार्डाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

दुसरी खूण चित्रातच असते. मुंबईकर मंडळींना ती चटकन पटेल. अपोलो बंदराच्या जुन्या कार्डात ताजमहाल हॉटेल दिसते, पण गेटवे ऑफ इंडियाची कमान दिसत नाही, असे असेल तर त्यातला फोटो कधीचा? हॉटेल उघडले १९०३ मध्ये आणि गेटवेचे उद्घाटन झाले डिसेंबर १९२४ मध्ये. फोटो या दोहोंच्या मधला आणि कमानीचे बांधकाम वर येण्यापूर्वीचा. जे चित्रात नाही, तेच साल सांगते.

अशा रिकाम्या जागेची सर्वांत नामांकित गोष्ट इटलीतल्या व्हेनिस शहराची आहे. तिथे सेंट मार्कच्या चर्चसमोर मोठा चौक आहे आणि चौकात विटांचा सुमारे ९८ मीटर उंच घंटेचा मनोरा आहे. टोकावर सोन्याचा मुलामा दिलेली देवदूताची मूर्ती. ती वाऱ्याबरोबर फिरते. १६०९ साली गॅलिलिओने आपली दुर्बीण तिथल्या राज्यकर्त्यांना दाखवली ती याच मनोऱ्यावर नेऊन. शतकानुशतके विजा पडून मनोऱ्याचे अंग पोखरलेले होते. १९०२ मध्ये त्याला टेकून असलेल्या एका लहान, देखण्या मंडपाच्या छपराची दुरुस्ती निघाली. छप्पर जिथे मनोऱ्यात शिरत होते तिथला दगड काढला आणि भिंतीला खाच पडली. काम तसे किरकोळ. पण जुन्या बांधकामाला कुठे हात लावावा आणि कुठे लावू नये, याचा विचार व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असेच म्हणावे लागते. काही दिवसांतच भिंतीवर तडा दिसू लागला. हादरा बसू नये म्हणून चौकातले बँडवादनही बंद केले.

१४ जुलै १९०२ रोजी सकाळी दहाच्या सुमारास सारा मनोरा जागच्या जागी खाली बसला. चौक आधीच मोकळा केल्यामुळे माणूस एकही दगावला नाही. रखवालदाराचे मांजर तेवढे गेले. तो सुंदर मंडप चिरडला, शेजारच्या ग्रंथालयाचा कोपरा ढासळला, पण चर्चला धक्का लागला नाही. देवदूताची मूर्ती चर्चच्या दारापुढे येऊन पडली, तेव्हा लोकांनी काय मानले असेल हे या मंडपात बसलेल्यांना सांगायला नको. पाच घंटांपैकी चार फुटल्या, सर्वांत मोठी मात्र शाबूत राहिली.

त्याच संध्याकाळी नगरसभा बसली आणि पाच लाख लिरे मंजूर झाले. पुढे वादही झाले. मनोऱ्याविना चौक अधिक मोकळा दिसतो असे काहींचे म्हणणे. बांधायचाच तर नव्या धाटणीचा बांधा, असे दुसऱ्यांचे. शेवटी निर्णय टिकला तो हा, की जसा होता तसा आणि जिथे होता तिथे. बाहेरून रूप तेच ठेवले, आतून मात्र पाया रुंद केला आणि बांधणी वजनाला हलकी केली. मंडप त्याच्याच तुकड्यांतून पुन्हा जुळवला. व्हेनिसचे धर्मप्रमुख त्याच सुमारास दहावे पायस म्हणून पोप झाले होते; फुटलेल्या चार घंटा त्यांनी स्वखर्चाने पुन्हा ओतवून दिल्या. २५ एप्रिल १९१२ रोजी, सेंट मार्कच्या उत्सवाच्या दिवशीच, नव्या मनोऱ्याचे उद्घाटन झाले.

आता कार्डांकडे येऊ. जुना मनोरा आणि नवा मनोरा चित्रात इतके सारखे दिसतात, की नुसत्या रूपावरून कार्ड कधीचे हे सांगणे कठीण. पण १९०२ ते १९१२ या काळातली काही कार्डे अशी आहेत, की त्यांत चर्च आहे, कबुतरे आहेत, हिंडणारी माणसे आहेत, आणि मनोऱ्याच्या जागी ढिगारा, पराती किंवा नुसते आकाश. त्या दहा वर्षांत तिथे वाढलेल्या मुलांनी चौक असाच पाहिला. संग्राहक या कार्डांना फार जपतात, ते रास्तच आहे.

याच मनोऱ्याचे एक कार्ड मात्र फसवे आहे. त्यात मनोरा कोसळता कोसळता टिपलेला दिसतो. मधोमध फुटलेला, भोवती धुळीचा लोट. ते खपलेही खूप. पण तो क्षण टिपलेला नाही; ते चित्र कारागिरीने बनवलेले आहे. रंगीत कार्डांबाबतही सावध असावे. त्या काळी फोटो काळा-पांढरा असे आणि रंग छापखान्यात चढत. रंग भरणाऱ्याने ती वास्तू कधी पाहिलेली असेलच असे नाही. म्हणून जुन्या भिंतीचा रंग ठरवताना कार्डावर भिस्त ठेवू नये. आकारापुरती मात्र ते चांगली साक्ष देते.

सर्वच वास्तू पुन्हा उभ्या राहत नाहीत. अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आल्या. कोनाडे तेवढे राहिले आहेत. त्यापूर्वीच्या प्रवाशांनी घरी धाडलेली कार्डे ज्यांच्याकडे असतील, त्यांच्याकडे त्या मूर्ती अजून उभ्या आहेत.

गावच्या देवळाचे कार्ड छापण्याची कल्पना सहसा कोणाला सुचलेली नसते. पण फोटो असतात. ते मिळाले तर चिकटवहीत डिंकाने किंवा खळीने चिकटवू नयेत. खळीच्या ओढीने कसर लागते आणि मागचा मजकूर कायमचा जातो. चार कोपरे अडकवावेत. मागे मऊ पेन्सिलीने साल, फोटोतली माणसे आणि फोटो देवळाच्या कोणत्या अंगाने घेतला, एवढे लिहावे. शाई नको, ती पुढे उमटते. साल आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नये. ‘अमक्याच्या लग्नानंतर, पत्रे घालण्यापूर्वी’ एवढे लिहिले तरी चालते.

माहेरवाशिणींना एक खास विनंती. त्यांनी सासरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. लग्नानंतर देवदर्शनाला आलेल्या जोडप्याचा फोटो पुष्कळदा देवळाच्या पायरीवरच काढीत. नवरा-नवरी नाकासमोर बघत उभी असतात, आणि त्यांच्या मागे दीपमाळ, जुन्या सभामंडपाचे लाकडी खांब आणि उंबरठ्याची झीज आपसूक येऊन गेलेली असते.