कांद्याची अंगाई

घरात काही नसलं की कांदा-भाकरीवर दिवस काढायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज आम्ही तुम्हाला दूरच्या स्पेन देशातली एक गोष्ट सांगणार आहोत. तिथल्या एका लेकुरवाळीच्या घरातही पाव आणि कांदाच उरला होता. त्या कांद्यावर एक अंगाई रचली गेली.

ती रचणाऱ्या कवीचं नाव मिगेल एर्नांदेस. त्याचा जन्म १९१० सालचा, ओरिउएला गावातला. वडिलांचा शेळ्यांचा धंदा. त्यांनी मुलाची शाळा लवकर सोडवली आणि त्याला शेळ्यांमागे धाडलं. पोरगा शेळ्या राखता राखता पुस्तकं वाचायचा, कविता करायचा. पुढं १९३७ मध्ये त्याचं लग्न होसेफिना मान्रेसाशी झालं. ती शिवणकाम करायची.

तेव्हा स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. त्यांचा पहिला मुलगा दहा महिन्यांचा असताना गेला. १९३९ च्या जानेवारीत दुसरा मुलगा झाला. त्याच वर्षी मिगेलची बाजू हरली, जनरल फ्रँकोची हुकूमशाही आली आणि मिगेल तुरुंगात गेला.

होसेफिनानं त्याला तुरुंगात पत्र पाठवलं. खायला पाव आणि कांद्याशिवाय काही नाही, असं तिनं कळवलं. बाळ तर अंगावर पीत होतं. आईच्या पोटात कांदा, म्हणजे बाळालाही कांद्याचंच दूध! बापाजवळ पाठवायला पैसा नव्हता की धान्य नव्हतं. त्यानं बाळासाठी अंगाई लिहून पाठवली. बाळा, तू हसत राहा, बाहेर काय चाललंय ते तुला कळूच नये, असा तिचा भाव आहे.

अंगाईचं छापील नाव ‘कांद्याच्या अंगाया’. तिचा छंदही तिथल्या लोकगीतांचा आहे. ओळी अगदी छोट्या, सात आणि पाच अक्षरांच्या. आपली ओवी जशी आपसूक गळ्यावर येते, तशीच ही रचना गाण्यासारखी आहे.

मिगेलला आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती तीस वर्षांच्या तुरुंगवासावर आली. पण तेवढी वर्षं त्याला मिळालीच नाहीत. १९४२ च्या मार्चमध्ये आलिकांतेच्या तुरुंगात तो टीबीनं गेला. वय अवघं एकतीस.

आता होसेफिनाकडे बघू या. पदरी तान्हं पोर, नवरा सरकारचा शत्रू ठरलेला. तिनं शिवणकाम करून मुलाला वाढवलं. आणि नवऱ्याची पत्रं, त्याच्या हातच्या कविता तिनं जपून ठेवल्या. हुकूमशाहीच्या काळात असे कागद घरात ठेवणं सोपं नव्हतं.

पुढं अर्जेंटिनाचे गायक आल्बेर्तो कोर्तेस यांनी या अंगाईला चाल लावली. १९७२ मध्ये जोआन मान्युएल सेर्रात या गायकानं मिगेलच्या कवितांची एक तबकडी काढली, तिच्यात ही अंगाई गायली. फ्रँको तेव्हा सत्तेवरच होता. ज्यांच्या हाती कवितेचं पुस्तक कधी आलं नसतं, त्यांच्याही कानी ती गेली. होसेफिना १९८७ पर्यंत जगली. आपल्या बाळाची अंगाई लोकांच्या ओठी आलेली तिच्या हयातीतच घडलं.

मैत्रिणींनो, या गाण्याखाली नाव मिगेलचं आहे आणि ते योग्यच आहे. पण ते सुरू झालं एका बाईच्या पत्रातून, आणि टिकलं ते तिनं कागद सांभाळले म्हणून. घरात काय शिजलं, काय नाही, हे बाईनं लिहिलं तर ते क्षुल्लक नसतं.

तुमच्या गावात आजी-मावश्यांच्या तोंडी पाळणे आहेत, ओव्या आहेत. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की त्यांतली एक गाऊन घ्या. जिला लिहिता येतं तिनं वहीत उतरवावी. आणि खाली ती कुणाकडून ऐकली, त्या बाईचं नाव नक्की लिहावं. मोबाईलवर चाल भरून ठेवलीत तर फारच छान. आपल्या रेडिओवर आम्ही ती आनंदानं ऐकवू.