एकाच खेळात मन का रमते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. मुले तासन् तास मोबाइलवरचा एकच खेळ का खेळत बसतात, हे सांगायला एखादे मानसशास्त्राचे प्राध्यापक बोलवावेत. मी पडले शिवणाचे वर्ग घेणारी बाई. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे झाले तेच सांगा." तेव्हा आज मी सांगणार आहे त्यातले थोडे वाचलेले आहे आणि पुष्कळसे चुकून शिकलेले आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाची कोल्हापूरहून पुण्याला बदली झाली. नातू तेव्हा नववीत गेला होता. नवे घर, नवी शाळा, नवा वर्ग. हळूहळू असे झाले की रात्रीचे आठ वाजले की स्वारी खोलीत जाऊन मोबाइल घेऊन बसे. खेळ एकच, बीजीएमआय. २०२० साली सरकारने पबजी बंद केला, त्यानंतर २०२१ मध्ये त्याच घडणीचा हा खेळ आपल्याकडे आला. मी पाने वाढून हाक मारावी, आणि आतून उत्तर यावे, "आजी, दहाच मिनिटं!" त्या दहा मिनिटांत भात निवून जाई.

एके रात्री माझा संयम सुटला. मी दिवाणखान्यात गेले आणि वायफायच्या यंत्राचे बटण बंद केले. मला वाटले, आता आरडाओरडा होईल. तसे काही झाले नाही. नातू बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, तू फक्त मला नाही बंद केलंस. त्या तिघांना मी मध्येच सोडून पळालो असं झालं." तो त्या रात्री जेवला नाही. चार दिवस माझ्याशी बोललाही नाही.

भगिनींनो, "त्या तिघांना" हे शब्द माझ्या मनातून जाईनात. हे तिघे कोण, हे मी कधी विचारलेच नव्हते. आठवडाभराने मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हटले, "मला दाखव तरी काय आहे ते."

तेव्हा समजले ते असे. एका बेटावर शंभर खेळाडू छत्रीने उतरतात. चौघाचौघांची तुकडी असते. खेळण्याची जागा सारखी आक्रसत जाते आणि शेवटी एकच तुकडी उरते. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि तो मध्ये थांबविता येत नाही. सारीपाट मांडून ठेवून जेवून यावे, तसे इथे चालत नाही. एक जण उठला की उरलेले तिघे उघडे पडतात. माझ्या हाकेला तो का उठत नव्हता, त्याचे निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले.

उरलेले निम्मे उत्तर मोबाइलमधून ऐकू आले. एक आवाज म्हणाला, "आजी, नमस्कार! अजून दर रविवारी थालीपीठ करता का?" कोल्हापूरला आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचे घर होते, त्यांचा मुलगा! दुसरे दोघेही त्याच आळीतले. मी ज्याला व्यसन म्हणत होते, ती माझ्या नातवाची कोल्हापूरची गल्ली होती. पुण्यात त्याला एकही मित्र नव्हता, आणि जे होते त्यांची वाट मी एका बटणाने बंद केली होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. अमेरिकेतील रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली खेळाडूंचा अभ्यास करून मांडले, की माणसाच्या मनाच्या तीन भुका हे खेळ भागवितात. आपल्या मर्जीने काही करावे, ही पहिली. आपल्याला हे जमते आहे असे दिसावे, ही दुसरी. आणि आपले कुणी असावे, ही तिसरी. आता विचार करा, पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसभरात स्वतःच्या मर्जीने काय करता येते? शाळा, शिकवणी, गृहपाठ, सारेच दुसऱ्यांनी ठरविलेले. परीक्षेचा निकाल महिन्यांनी लागतो. खेळात मात्र केलेल्या कष्टाचे फळ त्याच डावात दिसते.

मग एकच खेळ का? कारण तिथे मिळविलेले बरोबर नेता येत नाही. त्या आठ किलोमीटर लांबरुंद बेटावरची घरे, वाटा आणि आडोसे नातवाला पाठ आहेत. त्याची पायरी तिथे आहे, मित्र तिथे आहेत. दुसरा खेळ घेतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपण तरी तीस वर्षांचा शेजार सोडून सहज दुसरीकडे राहायला जातो का?

याचे एक उदाहरण सांगते. नॉर्वेतील माट्स स्टीन या तरुणाला स्नायू झिजविणारा दुशेन नावाचा आजार होता. चाकांची खुर्ची लहानपणीच आली. २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या दहा वर्षांत तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा एकच खेळ किमान पंधरा हजार तास खेळला होता. आईवडिलांना हेच दुःख, की पोराला ना मित्र मिळाले, ना कुणाच्या उपयोगी पडता आले. त्याच्या निधनाची बातमी वडिलांनी इंटरनेटवर दिली, आणि युरोपभरातून अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. खेळात तो 'इबेलिन' नावाने धावत होता, लोकांची दुःखे ऐकत होता. एका आईला तर आपल्या स्वमग्न मुलाशी खेळातून बोलण्याची वाट त्यानेच दाखविली होती. त्याच्या अंत्यविधीला परदेशांतून खेळातले मित्र आले. बेंजामिन री यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ साली आला. मी तो पाहिला तेव्हा सारखे मनात येत होते, की त्या आईवडिलांना हे त्याच्या हयातीतच कळले असते तर!

परंतु सारेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. हे खेळ काढणाऱ्यांना धंदा करावयाचा असतो. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले, की दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबूतर चोच मारणे लवकर सोडीत नाही. खेळातल्या बंद पेट्या, रोजची बक्षिसे आणि हंगाम संपला की पायरी खाली आणणे, यांमागे हेच शहाणपण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घातले, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण लक्षात घ्या, त्यात तास मोजलेले नाहीत. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सारे मागे पडते, आणि नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, असे साधारण वर्षभर चालले तर तो आजार. अशा वेळी रागावणे उपयोगाचे नाही, डॉक्टरांकडेच जावे.

आमच्या घरी आम्ही काय केले? नातवाने डाव सुरू करण्यापूर्वी मला सांगावयाचे, आणि मी डाव संपल्यावर पान घ्यावयाचे. साडेनऊनंतर नवा डाव नाही. मे महिन्यात त्याला आठ दिवस कोल्हापूरला पाठविले. तिथे चौघे रोज संध्याकाळी रंकाळ्यावर, आणि मोबाइल घरी! पुढे त्यांतल्या एकाची बारावी आली, तुकडीत जागा रिकामी झाली, ती नातवाने पुण्यातल्या आपल्या वर्गातल्या मुलाला दिली. आता तो मुलगा रविवारी आमच्याकडे थालीपीठ खायला येतो. खेळ सुटला का? नाही. दोन डाव होतातच. पण आता हाक मारली की निदान उत्तर खरे येते, "आजी, वीस मिनिटं."

भगिनींनो, मुलाच्या हातून मोबाइल घेण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तिथे तुझी वाट कोण पाहतंय?" आणि मग स्वतःलाही विचारा, इथे त्याची वाट कोण पाहते आहे? पान वाढून नुसती हाक मारणे म्हणजे वाट पाहणे नव्हे, हे मला सत्तराव्या वर्षी कळले. तुम्हांला ते लवकर कळावे, एवढ्यासाठीच ही घरातली गोष्ट चारचौघींत सांगितली.